पिकअप गोठवण्याचा खटाटोप

गिटारचा पिकअप गोठवायचा असेल तर जनावरांच्या दवाखान्यात रांग लावावी लागते. रांगेत तुमच्या पुढे एक म्हैस असते आणि मागे दोन गाई. ही माहिती संगीताच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. ती मी स्वतः, भर उन्हात उभं राहून मिळवली आहे.

पिकअप म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आमच्या तळमजल्यावरच्या काकांना ते पुनःपुन्हा सांगूनही कळलं नाही, आणि म्हणून त्यांचा सल्ला थांबला असंही नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बोटभर लांबीची एक पट्टी असते. आत लोहचुंबक, आणि त्याभोवती केसाहून बारीक अशा तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरच्या तारा थरथरल्या की या वेढ्यांत वीज उठते, स्पीकरपर्यंत जाते आणि तिथून आवाज होऊन बाहेर पडते. थोडक्यात, वाजवणारा आणि ऐकणारा यांच्यामधला हा दलाल. आणि व्यवहार फिसकटला की दोष दलालाचा, हे सगळ्या जगाला मान्य आहे.

मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात आहे. लोक येऊन सांगतात की गाडी जागेवर उभी होती आणि खांबच येऊन तिला धडकला. मी विचारतो, "पुरावा?" एवढं एकच वाक्य बोलून मी माझं घर चालवलं आहे. साहजिकच लोक माझ्याकडे प्रेमाने बघत नाहीत. अपवाद वार्षिक संमेलनाचा. आमच्या कचेरीचा एक वाद्यवृंद आहे. त्यात शाखेचे साहेब गातात. ते साहेब आहेत म्हणून गातात, आणि ते गातात म्हणून वाद्यवृंद आहे. ड्रमवर पाहणी विभागातला एक धिप्पाड गृहस्थ असतो, त्याला आम्ही भूकंप म्हणतो. मुख्य गिटार माझी. साहेबांच्या शेवटच्या गाण्यात मध्ये गिटारचा एक लांबलचक तुकडा येतो. तेवढ्यात साहेब पाणी पिऊन घेतात आणि दिव्याचा झोत माझ्यावर पडतो. वर्षभर ज्याच्याकडे लोक फक्त डोळे वटारून बघतात, त्याला त्या झोताची किंमत विचारा. मी त्या काही मिनिटांसाठी वर्षभर जगतो, असं म्हटलं तर बायको हसेल, पण ते खरं आहे.

यंदा हिशेब विभागात एक नवी मुलगी आली. तीही गिटार वाजवते, म्हणे. साहेबांनी तिला तालमीला बोलावलं आणि तो तुकडा सहज वाजवून दाखवायला सांगितला. तिने तो सहज वाजवून दाखवला. भूकंप हातातल्या काठ्या खाली ठेवून ऐकत बसला. साहेबांच्या गाण्यालाही तो कधी थांबला नव्हता. मग तोच तुकडा मी वाजवला. संपल्यावर खोलीत थोडा वेळ पंख्याचाच आवाज होता.

"तुमच्या गिटारचा आवाज आज उघडत नाहीये," भूकंप म्हणाला.

"दबल्यासारखा येतोय," साहेब म्हणाले.

मुलीने मान कलती करून माझ्या गिटारकडे पाहिलं. "काका, पिकअप जुना झाला असेल."

काका! पण तो अपमान मी गिळला, कारण तिने केलेलं निदान मला पटलं होतं. साहेबांनी लगेच निवाडा दिला, "मग असं करू. तुम्ही आवाजाचं बघून घ्या. उघडला तर तुकडा तुमचाच. नाहीच उघडला तर यंदा हिला देऊ. तेवढीच नव्या माणसाला संधी."

नव्या माणसाला संधी या शब्दांनी आजवर किती जुन्या माणसांचा बळी घेतला असेल, याचा हिशेब कुठल्याच विमा कंपनीकडे नाही.

घरी आलो तर मेहुणा जेवायला आलेला. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, हत्यारं बनवणाऱ्या कारखान्यात आहे. त्याला जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माहीत असतं आणि ते उत्तर त्याच्या कारखान्यातच असतं.

"दाजी, गोठवा," तो घास चावत म्हणाला.

"काय?"

"पिकअप. आम्ही कापायची पाती द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतो. उणे एकशे शहाण्णव. धातूचा कण न् कण जागेवर बसतो. पात्याचं आयुष्य वाढतं. तिकडे बाहेर मोठमोठे वादक पिकअप गोठवून घेतात. आवाज असा मोकळा होतो की बास."

"तू ऐकलायस?"

"वाचलंय."

मेहुण्याचं वाचन म्हणजे काय हे मला माहीत होतं. तरी झोताची लालसा वाईट. त्याच्या कारखान्यात बाहेरची वस्तू आत न्यायला बंदी निघाली, म्हणून मी पिकअप काढून घरच्याच फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात, वाटाण्यांच्या पिशवीखाली ठेवला. सकाळी बायकोने तो वाटाण्यांसकट पातेल्यात ओतला. "अहो, मला वाटलं मसाल्याची वडी आहे," ती म्हणाली. जिच्याशी इतकी वर्षं संसार केला त्या बाईला गिटारचा पिकअप आणि मसाल्याची वडी यांतला फरक कळू नये, याचं मला वाईट वाटलं. पिकअप वाचला. पण त्याला वाटाण्याचा वास राहिला, आणि आवाज होता तस्साच.

एव्हाना बातमी इमारतभर झाली होती. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं की थंडीने उलट आवाज बसतो, त्यांचा दर वर्षी बसतो, पिकअपला गरम पाण्याचा शेक द्या. तळमजल्यावरचे काका जिन्यात गाठून म्हणाले, "अहो, नाचता येईना..." आणि एकदम थांबून, "म्हणजे तुमच्याबद्दल नाही हो, एकूणच जगाबद्दल," असं पुटपुटत आत गेले. मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. ती म्हण मी रोज दुसऱ्यांच्या दाव्यांवर मनातल्या मनात लिहीत असतो. ती कुणाला लागू पडते हे मला शिकवायची गरज नव्हती.

द्रव नायट्रोजन विकणाऱ्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "हॉस्पिटल, कारखाना की आइस्क्रीम?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, "गिटार."

त्याने मान वर केली. "गिटारचा रकाना नाही."

"मग इतर म्हणून लिहा ना."

"इतर बंद झालं. मागे एकाने इतरमध्ये नेऊन घरातले ढेकूण मारले. ढेकूण मेले नाहीत, फरशी तडकली." मग त्याला माझी दया आली असावी. "तुम्ही जनावरांच्या दवाखान्यात विचारा. त्यांच्याकडे कायम असतो."

जनावरांच्या दवाखान्यात द्रव नायट्रोजन कशाला, हा प्रश्न मला पडला आणि तिथे पोहोचल्यावर सुटला. जातिवंत वळूंचं वीर्य बारीक नळ्यांत भरून नायट्रोजनच्या टाकीत जपून ठेवतात. टाकी दिसायला दुधाच्या मोठ्या कॅनसारखी. झाकण उघडलं की पांढरा धूर. डॉक्टर मनमिळाऊ होते आणि मुख्य म्हणजे कंटाळलेले होते. माझी हकीकत ऐकून त्यांचे डोळे चमकले.

"करू की! पण नोंद करावी लागेल. इथे नोंदीशिवाय काही आत जात नाही." त्यांनी लिहायला घेतलं. "मालक तुम्ही. प्राणी? इतर. वय?"

"बारा वर्षं."

"तक्रार?"

मी इकडेतिकडे पाहिलं. पुढची म्हैस माझ्याकडेच बघत होती. हळू आवाजात म्हटलं, "आवाज दबलाय."

डॉक्टरांनी चिमट्यात धरून पिकअप थेट आत बुडवला. खदखद झाली, धूर आला, म्हशीने तोंड फिरवलं. थोड्या वेळाने त्यांनी तो बाहेर काढून टेबलावर ठेवला. आम्ही दोघंही वाकून बघत असताना 'टक्' असा आवाज आला आणि पिकअपच्या अंगावर उभी चीर पडली. आतल्या वेढ्यांची तार कुठेतरी तुटली होती. आधी आवाज दबलेला होता. आता तो नव्हताच.

"रुग्ण दगावला," डॉक्टर म्हणाले. माणूस खरंच मनमिळाऊ होता, पण प्रसंग बघून विनोद करायची त्यांना सवय नव्हती.

या टप्प्यावर शहाणा माणूस थांबला असता. पण मला त्या संध्याकाळी जिन्यात सर भेटले. सर आमच्या समोरच्या दारात राहतात. पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले आहेत. म्हणजे पगार थांबला आहे, शिकवणं चालू आहे. सगळा प्रकार ऐकून ते संतापले.

"एकच पिकअप गोठवून काय कळणार तुम्हाला? तुलना कशाशी? सारखे दोन घ्या. एक थंड करा, एक करू नका. आणि थंड करायचा तर हळूहळू! आधी नुसत्या वाफेत, मग खाली. काढतानाही तसंच."

मी दोन नवे पिकअप घेतले. बायकोने "अरे वा, जोडी का?" एवढंच विचारलं. ज्या स्वरात विचारलं तो स्वर कुठल्याही वाद्यातून निघत नाही.

एक पिकअप घरी कपाटात राहिला. दुसरा माझ्या पायमोज्यात घालून, दोरी बांधून डॉक्टरांच्या टाकीत वरच्यावर टांगला. हळूहळू दोरी सोडायची, रात्रभर ठेवायचा, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी जातो तर टाकीच जागेवर नाही.

"अरेच्चा," डॉक्टर म्हणाले, "तुमचा पिकअप फेरीवर गेलाय."

दवाखान्याचा माणूस टाकी घेऊन गोठ्यागोठ्यांतून फिरायला गेला होता. आता मी दावे तपासायला कितीतरी ठिकाणी गेलो आहे, पण कचेरीचे बूट घालून शेणातून या गोठ्यातून त्या गोठ्यात, "इथे येऊन गेले का हो ते गाईंचे?" असं विचारत फिरण्याचा योग तोवर आला नव्हता. तिसऱ्या गोठ्यात तो माणूस सापडला. नेमक्या त्याच क्षणी त्याने टाकीतून धुरासकट माझा मोजा वर काढला होता आणि गाईचा मालक गंभीरपणे त्याच्याकडे बघत होता.

"हा कुठल्या जातीचा?" मालकाने विचारलं.

"माझा आहे," मी दारातून ओरडलो. मालकाने माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि गाय दोन पावलं मागे घेतली. त्या नजरेबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही.

पण या वेळी पिकअप धडधाकट निघाला. तार शाबूत, चीर नाही. मी तो छातीशी धरून घरी आणला. आता फक्त परीक्षा बाकी होती आणि ती सरांनी हातात घेतली. परीक्षा हा शब्द ऐकताच त्यांचं वय दहा वर्षांनी कमी झालं.

"गिटारही सारख्या दोन हव्यात," सर म्हणाले. नशिबाने त्या मुलीची गिटार माझ्यासारखीच होती. तिने लगेच होकार दिला. दुरुस्तीवाल्याने दोन गिटारींत दोन पिकअप बसवले. कुठला कुठल्या गिटारीत हे फक्त सरांना माहीत. "आणि वाजवणारेही दोन हवेत. एकानेच वाजवलं तर त्याच्या हाताचा गुण मिसळतो. तुम्ही दोघांनी दोन्ही गिटारी वाजवायच्या. म्हणजे हाताचा परिणाम वजा करता येईल."

हाताचा परिणाम वजा करता येतो हे ऐकून मला फार बरं वाटलं.

कचेरीतल्या प्रशिक्षणाच्या खोलीत दोरी बांधून जाड पडदा लावला. पडद्याआड मी आणि ती मुलगी. पडद्यासमोर साहेब, भूकंप, दावे विभाग, हिशेब विभाग, झाडून सगळे. शिवाय मेहुणा, विजयी चेहऱ्याने. शिवाय माझी बायको. तिला मी मुद्दाम बोलावलं होतं, डोळ्यांदेखत माझा आवाज उघडताना तिने पाहावं म्हणून. तोच लांबलचक तुकडा. पुढे कोण आणि कुठली गिटार, हे सर दर वेळी नाणं उडवून ठरवणार आणि खुणेने सांगणार. ऐकणाऱ्यांनी प्रत्येक वेळी चिठ्ठीवर एकच शब्द लिहायचा: मोकळा किंवा दबलेला. वाजवणारा क्रमांक एक आणि क्रमांक दोन असे आकडे दिले होते. क्रमांक एक मी ज्येष्ठतेच्या मुद्द्यावर मागून घेतला.

मी जीव ओतून वाजवलं. एकदा तर मला स्वतःलाच फरक जाणवला. गोठवलेला पिकअप हाच, असं मनाशी पक्कं केलं आणि बाजूच्या मुलीकडे विजयी नजर टाकली. ती हसली. हसू चांगलं होतं, जरा काळजीचं होतं.

सरांनी चिठ्ठ्या गोळा करून फळ्यावर आकडे मांडले. पडदा काढला होता. आम्ही दोघं गिटारी घेऊन तिथेच उभे.

"निष्कर्ष पहिला," सर खडू आपटत म्हणाले. "गोठवलेला पिकअप. निम्मे मोकळा, निम्मे दबलेला. साधा पिकअप. निम्मे मोकळा, निम्मे दबलेला. थंडीचा परिणाम शून्य!"

मेहुणा म्हणाला, "मोज्यामुळे असेल." त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

मला वाईट वाटलं, पण फार नाही. पिकअपने दगा दिला होता, माझी त्यात चूक नव्हती. पण सर थांबले नव्हते. त्यांनी फळ्याचा उरलेला अर्धा भाग पुसला. त्यांचा चेहरा उजळला होता.

"आता गंमत बघा. त्याच चिठ्ठ्या वाजवणाऱ्याप्रमाणे लावल्या. क्रमांक दोन: मोकळा, मोकळा, मोकळा. सगळे! क्रमांक एक: दबलेला. सगळे! गिटार कुठलीही असो, एकही चिठ्ठी इकडची तिकडे नाही. मित्रहो, इतका निःसंदिग्ध निकाल मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही!" आणि भाबड्या उत्साहाने सर खोलीकडे वळले. "क्रमांक एक कोण होतं?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी खरोखरच हात वर केला.

मग सगळे एकदम बोलायला लागले. साहेब म्हणाले, हवा दमट आहे. भूकंप म्हणाला, पडद्याचं कापड जाड निघालं. हिशेब विभागातून कुणीतरी खुर्च्यांचा दोष काढला. ती मुलगी कळवळून म्हणाली, "काका, माझ्या गिटारची तुम्हाला सवय नाही ना, म्हणून." दाव्यांच्या विभागात आयुष्य गेलेला माणूस मी, खोटा पुरावा मला लांबून ओळखू येतो. समोर एका ओळीने खोटे पुरावे उभे होते, आणि सगळे माझ्या बाजूने. ही माणसं इतके दिवस माझ्याशी चांगली वागत होती. चांगली वागत होती म्हणूनच मी म्हशीच्या मागे रांगेत उभा राहिलो होतो. मला रडू येईल असं वाटलं. मी म्हटलं, "दावा मंजूर," आणि गिटार पेटीत ठेवायला लागलो. कुणी हसलं नाही.

मी बायकोबरोबर घरी निघालो.

वाटेत मी विचारलं, "तू काय लिहिलंस?"

"खरं तेच."

"म्हणजे दर वेळी ओळखलंस?"

"हो की. अवघड जागा आली की तुम्ही श्वास रोखून धरता. पडद्यातून सुद्धा कळतं. मग पुढचा सूर घाईने येतो."

"आणि हे तू मला इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही वाजवणं सोडून दिलं असतंत," ती म्हणाली. "तुमचा स्वभाव माहीत नाही का मला? मग कचेरीतून आल्यावर काय केलं असतंत? माझ्याकडे पुरावे मागत बसला असतात."

आम्ही जिना चढलो. तळमजल्यावरच्या काकांचं दार किंचित उघडलं आणि माझा चेहरा बघून बंद झालं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं की यंदा तुकडा तिने वाजवावा, मी मागे साथ करीन. "बरं झालं तुम्हीच म्हणालात," साहेब इतक्या चटकन म्हणाले की मला ते म्हटल्याचा पश्चात्ताप झाला. मग मी गिटार घेऊन हिशेब विभागात गेलो. ती मुलगी मला बघून उभी राहिली.

"काका, मी कालपासून विचार करतेय, तुमच्या स्पीकरची वायर जरा..."

"वायरचं नाव काढायचं नाही," मी म्हटलं. "पिकअपचंही नाही. मी वाजवतो, तू बघ, आणि खरं सांग."

तिने लेखणी खाली ठेवली. मी पहिल्या चार-सहा सुरांपर्यंत पोहोचलो असेन. श्वास सोडायची आठवण ठेवत होतो.

"थांबा," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम वेगळा होता. त्यात काका नव्हता. "तुमचा डावा अंगठा चुकीच्या जागी आहे. त्यामुळे सगळी बोटं आखडतात."

"हे तुला कधीपासून दिसतंय?"

ती सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "पहिल्या दिवसापासून."

मी अंगठा हलवला.